पिना कमी म्हणून ५९५ लावली, आता लाईट आली की रिले वाजतात : कार्डाची सीपीएलडी निवडताना काय बघायचं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नाहीतर निपाणी-संकेश्वरकडच्या युनिटांतून दुरुस्तीला येणाऱ्या कंट्रोल कार्डांत पावसाळा लागला की एक तक्रार हमखास असते. मशीन व्यवस्थित चालू असतं. लाईट जाते, थोड्या वेळाने येते, आणि येताक्षणी पॅनेलमधले चार-सहा रिले आपसूक ओढले जातात. कधी क्लॅम्प सुटतो, कधी सिलिंडर पुढे येतो, कधी नुसताच टक-टक आवाज होऊन सगळं शांत. ऑपरेटर सांगतो, "चिप बदलली ओ, तरी वाजूलालेत की!"

चिप बदलून हा आजार जाणार नाही, कारण बहुतेक कार्डांत चिप ठणठणीत असते. घोळ झालेला असतो तो ही चिप, म्हणजे सीपीएलडी (आत हवं ते लॉजिक प्रोग्राम करता येणारी चिप), निवडताना. पिना कमी पडल्या आणि त्या कुठून भागवायच्या हे चुकीच्या बाजूने ठरलं.

आधी हे कार्ड असं का बनलं ते बघू. आपल्याकडच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधली जुनी एसपीएम (एकाच कामासाठी खास बनवलेली) मशिनं ५ व्होल्टच्या, ८४ पायांच्या चौकोनी चिपवर चालायची. अल्टेराची ईपीएम७१२८एस त्यातली ठरलेली. तिचं उत्पादन बंद झालंय. बाजारात आता मिळते ती बहुतेक भंगार बोर्डावरून उपटलेली, वरचं नाव घासून पुन्हा छापलेली. ती कधी प्रोग्राम होते, कधी केबलला ओळखच देत नाही. मग कोणीतरी नवं कार्ड करतो, ४४ पायांची लहान चिप घेतो, आउटपुट पुरत नाहीत म्हणून ७४एचसी५९५ च्या (थोड्या पिनांवरून एकामागून एक बिट घेऊन आठ आउटपुट देणाऱ्या) दोन आयसी लावतो आणि त्यांच्यातून युएलएन२८०३ या ड्रायव्हर आयसीमार्फत रिले चालवतो. टेबलावर सगळं चालतं. टेबलावर लाईट जात नाही.

आधी खात्री करा

कॉन्टॅक्टर आणि व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वायरी टर्मिनलवरून सोडवा. कार्डाला सप्लाय बंद करून सीपीएलडी बेसमधून सरळ काढून घ्या. ओढायची क्लिप वापरा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, बेसचा कोपरा तुटतो. आता बेस रिकामाच ठेवून कार्डाला सप्लाय द्या, बंद करा, पुन्हा द्या. रिले दरवेळी वेगवेगळे ओढले जात असतील तर सीपीएलडीचा यात काही संबंध नाही, ती तर तुमच्या हातात आहे.

कारण साधं आहे. सप्लाय येतो तेव्हा ७४एचसी५९५ च्या आतल्या रजिस्टरांत काय असेल याची कसलीच हमी नसते. तिची १३ नंबरची पिन, म्हणजे आउटपुट एनेबल, कार्डावर सरळ ग्राउंडला जोडलेली असली की ते रँडम आकडे तसेच युएलएनच्या पायावर जातात. १० नंबरची क्लिअर पिन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती फक्त आतलं शिफ्ट रजिस्टर पुसते, आउटपुट धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या लॅचला हात लावत नाही.

उपाय सोल्डरिंग गनने होतो. १३ नंबरच्या पिनेचा ग्राउंडला जाणारा ट्रॅक कापा, १० किलोओहम रेझिस्टरने ती पिन ५ व्होल्टला ओढून ठेवा आणि तिथून एक वायर सीपीएलडीच्या मोकळ्या पिनेवर न्या. आता सप्लाय आला की आउटपुट तरंगते राहतात. युएलएन२८०३ च्या आत इनपुटकडून ग्राउंडला रेझिस्टर असतातच, त्यामुळे रिले बंद राहतात. सीपीएलडीने आधी शून्यं भरलेली पूर्ण फ्रेम (एका फेरीतले सगळे बिट) आत सरकवायची, लॅच करायची, मगच ही पिन खाली घ्यायची. दोन्ही आयसींच्या १३ नंबरच्या पिना एकत्र बांधल्या तरी चालतं.

दुसरी अर्धी भानगड सीपीएलडीच्या बाजूची. या चिपांची फ्लिपफ्लॉपं (एकेक बिट साठवणारे घटक) सप्लाय येताना आपोआप रिसेट होतात, पण व्होल्टेज न डगमगता एकाच दिशेने चढलं तरच. आपल्याकडे लाईट येते ती क्वचितच तशी. फेज येतो, दबतो, पुन्हा येतो. ५ व्होल्टची रेल ३ पर्यंत उतरून परत चढली की रिसेट झालंच असेल असं नाही आणि सिक्वेन्स भलत्याच पायरीवर उभा राहतो. त्यासाठी टीएल७७०५ ही रिसेट आयसी लावा. ती साधारण ४.५५ व्होल्टच्या खाली गेलं की रिसेट धरते आणि सप्लाय सुधारल्यावर बाहेरच्या कॅपॅसिटरने ठरवलेला वेळ धरून ठेवते. १ मायक्रोफॅरड घातला तर सुमारे १३ मिलिसेकंद. माझ्या मते सीमाभागातल्या कुठल्याही पॅनेलमधलं कार्ड रिसेट आयसीशिवाय बाहेर पडूच नये. रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी लावून भागवतात बरेच जण. पण लाईट क्षणभरच गेली तर तो कॅपॅसिटर पुरता रिकामाच होत नाही, मग रिसेट कसला मिळणार?

एवढं केलं की जुनं कार्ड बहुतेक वेळा वळणावर येतं. नवं कार्ड करत असाल तर पुढचं वाचा.

चिप निवडताना: इनपुट लांबून आणा, आउटपुट थेट ठेवा

पिना कमी पडल्या की हात आधी आउटपुटकडे जातो, कारण ५९५ सगळ्यांना माहीत आहे. मी उलट करतो. एखादं इनपुट उशिरा किंवा चुकीचं वाचलं गेलं तर पुढच्या फ्रेमला सुधारतं. आउटपुट चुकीचं गेलं की लोखंड हलतं. म्हणून वाढवायची ती इनपुटं. त्यासाठी ७४एचसी१६५ आहे. समांतर आठ सिग्नल घेते, एकामागून एक बाहेर सोडते. तिच्यात सप्लाय येताना कचरा असला तरी पहिल्या लोडला निघून जातो.

चिप कोणती? मी ५ व्होल्टची एटीएफ१५०४एएस घेतो, ४४ पायांची. मूळची ॲटमेलची, २०१६ पासून मायक्रोचिपकडे. ६४ मॅक्रोसेल (एक फ्लिपफ्लॉप आणि त्याचं लॉजिक बसेल असे कप्पे), जेटॅगवरून (प्रोग्रामिंगच्या चार पिनांची जोडणी) प्रोग्राम होते, कंपनीच्या डेटाशीटप्रमाणे १०,००० वेळा पुसून लिहिता येते.

आता पिनांचा हिशेब. जाहिरातीत ४४ दिसतं, हातात येतं ते वेगळंच. सप्लाय-ग्राउंडला आठ पिना जातात, उरल्या ३६. जेटॅगला चार, उरल्या ३२. त्यातल्या चार फक्त इनपुट आहेत: क्लॉक, क्लिअर आणि आउटपुट एनेबलच्या. म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येतील अशा २८ च. जेटॅगच्या चार पिना मोडून आयओ (इनपुट-आउटपुट) म्हणून वापरायची सोय आहे, पण एकदा तसं केलं की साध्या केबलने ती चिप पुन्हा उघडत नाही. पॅनेलसमोर उभं राहून प्रोग्राम बदलायची वेळ येते तेव्हा त्या चार पिना आठवतात. तिकडे जाऊ नका.

एक नमुना घेऊ. ड्रिलिंगचं एसपीएम, २० इनपुट, १६ आउटपुट. त्यात १ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, रिसेट आणि टायमरसाठी एक हळू क्लॉक धरला तर ३९ सिग्नल झाले. हातात ३२. सात कमी.

२० इनपुटांतली खरोखर वेगाची किती? एन्कोडरच्या (फिरणं पल्सने सांगणारा सेन्सर) दोन, होम सेन्सर आणि स्पिंडल ओव्हरलोड. बाकीची १६ म्हणजे पुश बटणं, सिलेक्टर, रीड स्विच, लिमिट स्विच. माणसाचं बोट आणि हवेचा सिलिंडर. ती दोन १६५ वर टाका. त्यांना लोड, क्लॉक आणि डेटा अशा तीनच पिना लागतात. आता गिनती: चार थेट इनपुट, एक डेटा, ऑसिलेटर, रिसेट, हळू क्लॉक मिळून आठ. आउटपुट १६ आणि १६५ चे लोड-क्लॉक मिळून १८. एकूण २६. सहा पिना शिल्लक, आणि सोळाही आउटपुट सीपीएलडीकडून सरळ युएलएनला. ५९५ ची गरजच संपली.

एका बिटला ८ मायक्रोसेकंद दिले तर १६ बिट १२८ मायक्रोसेकंदांत वाचून होतात. रिले ओढायलाच काही मिलिसेकंद घेतो. बटणाला याने काहीच फरक पडत नाही.

एन्कोडर मात्र या वाटेने आणू नका. १००० पल्सचा एन्कोडर १५०० आरपीएमवर फिरला तर सेकंदाला २५,००० पल्स येतात. एक पल्स ४० मायक्रोसेकंदांची, आणि ए-बी दोन्हींच्या कडा धरल्या तर दर १० मायक्रोसेकंदांला काहीतरी बदलतं. १२८ मायक्रोसेकंदांनी एकदा डोकावणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? एन्कोडरला थेट पिन, आणि ऑप्टोकपलरही (प्रकाशामार्फत सिग्नल पुढे देणारी आयसी) वेगळा. पीसी८१७ या नेहमीच्या ऑप्टोसोबत १० किलोओहमचा पुलअप (सिग्नल वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) असेल तर तिच्या कडा या वेगाला फारच आळशी पडतात. ६एन१३७ ही वेगवान ऑप्टो लावा. "काउंट मागे पडतोय" ही तक्रार घेऊन आलेल्या कार्डांत चिप बघायच्या आधी मी ऑप्टो बघतो.

इमर्जन्सी स्टॉप चिपमधून नेऊच नका, ना थेट पिनेवर, ना १६५ वर. तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या लाईनमध्येच तोडायचा. चिपला फक्त ‘दाबलाय’ एवढी खबर द्या.

पिना वाचल्या, मॅक्रोसेल गेले

सिरियल इनपुट फुकट येत नाही. १६ बिट साठवायला १६ फ्लिपफ्लॉप, म्हणजे ६४ पैकी १६ मॅक्रोसेल गेले. शिवाय बिट सरकत असताना डेटा अर्धवट असतो, म्हणून लोक आणखी १६ चं होल्डिंग रजिस्टर घालतात आणि चिप तिथेच भरते. त्याऐवजी आउटपुटची आणि सिक्वेन्सची रजिस्टरं फ्रेम पूर्ण झाल्याच्या एका क्लॉकलाच बदलू द्या. त्या क्षणी सोळाही बिट जागेवर असतात. होल्डिंग लागत नाही.

वरच्या नमुन्यात माझा अंदाज असा: इनपुट १६, आउटपुट १६, क्लॉक विभागणी ३, बिट मोजणी ५, लोड १, सिक्वेन्स ४, एन्कोडरची मोजणी ८, सिग्नल क्लॉकशी जुळवायला ६. झाले ५९. बसतं, पण अंगाला घट्ट. यात सेकंदाचा टायमर घालायला गेलात की संपलं. १ मेगाहर्ट्झवरून एक सेकंद काढायला वीस फ्लिपफ्लॉप लागतात, दोनचा विसावा घात १०,४८,५७६ होतो तेव्हा कुठे सेकंद भरतो. म्हणून तो हळू क्लॉक. सीडी४०६० या क्लॉक विभागणाऱ्या आयसीवर घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल लावा, शेवटच्या पायरीवर नेमके २ हर्ट्झ मिळतात. एक पिन खर्च करून वीस मॅक्रोसेल वाचतात. इनपुटांच्या वेळी याच्या उलटा सौदा केला होता. चिप निवडणं म्हणजे पिन आणि मॅक्रोसेल यांची ही अदलाबदल कागदावर आधी जुळवून बघणं. दोन टायमर आणि लांब मोजणी अशी दोन्ही हवी असतील तर ६४ मध्ये रेटू नका. १२८ मॅक्रोसेलची एटीएफ१५०८एएस घ्या, पण ती ४४ पायांत येत नाही, ८४ पासून सुरू होते.

मग पहिल्यापासूनच ८४ का नको, असं कोणीही विचारेल. जुनं कार्ड धड असेल आणि ईपीएम७१२८एस ची मूळ फाइल हाती असेल तर नक्की घ्या. एटीएफ१५०८एएस च्या पिना तिच्याशी जुळतात, अल्टेराची पीओएफ फाइल जेईडीत (एटीएफ चिपला लागणाऱ्या फाइलीत) बदलून देणारा पीओएफ२जेईडी हा प्रोग्रामही आहे. फक्त मॅक्स ७००० (ईपीएम७१२८एस ची मालिका) साठी क्वार्टस १३.० एसपी१ हे अल्टेराचं सॉफ्टवेअर जपून ठेवा, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत ती चिप नाही. पण आपल्याकडे येणाऱ्या कार्डांची फाइल नसते, आतला प्रोग्राम वाचू न देणारा सिक्युरिटी बिट लागलेला असतो आणि मशीन बनवणारा कधीच दुकान बंद करून गेलेला असतो. लॉजिक मशिनाच्या हालचाली बघून नव्यानेच लिहावं लागतं. त्यात ८४ पायांचा बेस म्हणजे फाउंड्रीच्या हवेत ८४ ठिकाणी बसणारी काळी धूळ. ग्रॅफाइटची ती धूळ वीज वाहून नेते. ४४ पायांचा बेस साफ करायला आणि दुहेरी बाजूच्या पीसीबीवर ट्रॅक फिरवायलाही सोपा. शिवाय १६५ टर्मिनलांजवळ ठेवता येतात, म्हणजे सोळा लांब ट्रॅकऐवजी मोजक्या वायरी चिपपर्यंत येतात.

३.३ व्होल्टची मोठी चिप घेतली तर

"पिना भरपूर आहेत" म्हणून अल्टेराच्या मॅक्स २ मालिकेची ईपीएम२४० घेणारे बरेच. १०० पायांत ८० आयओ, खरंच भरपूर. पण तिच्या इनपुटला शिफारशीची मर्यादा ४ व्होल्ट आहे आणि ४.६ च्या वर नुकसान. पीसी८१७ चा पुलअप सवयीने ५ व्होल्टला जोडला की चिप लगेच मरत नाही, हीच पंचाईत. काही आठवडे चालते, मग एखादं इनपुट अडकतं. त्यासाठी लेव्हल शिफ्टर विकत आणायची गरज नाही, ऑप्टोचा पुलअप ३.३ व्होल्टला न्या, झालं.

आउटपुटकडे दुसरा सापळा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी आयसीला ‘एक’ समजायला ३.५ व्होल्टची हमी लागते, आणि चिप देते जेमतेम ३.३. टेबलावर चालतं, कारण प्रत्यक्षात आयसी अडीचच्या आसपास वळते. भर उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये, बाजूला मोटार सुरू होताना, तेवढी फट पुरत नाही. ७४एचसीटी लावा, तिला २ व्होल्ट पुरतात. ‘एच-सी’ आणि ‘एच-सी-टी’ मधला फरक दुकानदार सांगत नाही, डबीवरचं नाव स्वतः वाचून घ्या.

मी मॅक्स २ टाळतो ते वेगळ्या कारणाने. अर्ध्या मिलिमीटर अंतराचे १०० पाय खानापूर किंवा चिकोडीच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन बदलू शकत नाही. बेसमधली ४४ पायांची चिप फोनवर सांगितली तरी बदलतो.

झायलिंक्सची एक्ससी९५७२एक्सएल काही वर्षांपूर्वी मी सुचवली असती. ३.३ व्होल्टची असूनही ५ व्होल्टची इनपुटं सहन करते. पण एएमडीने २०२४ मध्ये ती मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या कार्डासाठी साठा असेल तर वापरा, नव्या डिझाइनमध्ये नको.

कंपाइल करताना ‘बसत नाही’ आलं तर

मॅक्रोसेल शिल्लक, पिना शिल्लक, तरी फिटर (लॉजिक चिपमध्ये बसवून देणारं सॉफ्टवेअर) अडतो. याचं कारण बहुतेकदा एकच. पीसीबी आधी काढली आणि पिना कुलूपबंद केल्या. एटीएफ१५०४ मध्ये १६ मॅक्रोसेलचे चार गट आहेत आणि प्रत्येक गटाला बाहेरून ४० च सिग्नल घेता येतात. एकाच गटात सगळ्या जगाचे सिग्नल मागणारी आउटपुटं गोळा झाली की संपलं. पहिल्यांदा पिना मोकळ्या सोडून फिट करा, फिटरने निवडलेल्या जागा बघा, त्याप्रमाणे ट्रॅक फिरवा. आणि सहा पिना शिल्लक असतील तर त्या टेस्ट पॉइंटवर काढून ठेवा. प्रोग्राम बदलल्यावर एखादं आउटपुट गट बदलून मागेल तेव्हा वायर टाकायला जागा राहते.

इनपुटच्या २४ व्होल्टसाठी पीसी८१७ समोर ४.७ किलोओहम ठेवतो. प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आसपास येतो, रेझिस्टरवर ०.११ वॅट, पाव वॅटचा आरामात टिकतो. युएलएनच्या १० नंबरच्या कॉमन पिनेला रिलेचा २४ व्होल्ट जोडलाय का तेही बघा. बऱ्याच कार्डांवर ती मोकळीच सुटलेली असते. मग कॉइल सुटतानाचा झटका जिरायला वाटच राहत नाही, आणि त्याचा त्रास सगळ्या कार्डाला होतो. हायड्रॉलिकचे मोठे सॉलिनॉइड असतील तर युएलएनवर थेट टाकू नका, मध्ये रिले किंवा मॉस्फेट घाला. तिच्या एका आउटपुटची कमाल मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे, आणि आठही एकदम चालू असताना तेवढाही मिळत नाही.